तिसरी ओळ

"काय दिसतंय?" मुलाणी सरांनी विचारलं.

"काहीच नाही सर. म्हणजे, काळा पडदा आहे आणि त्यावर पांढरी अक्षरं."

"मग काहीच नाही कसं? वाच की."

"इंग्रजी आहे सर. शब्द कळत नाहीत."

"कळायला कुणी सांगितलंय? तू अक्षरं वाच. कळून घ्यायचं काम माझं."

मी पडद्याजवळ तोंड नेलं आणि पहिलीतल्या पोरीसारखी एकेक अक्षर वाचू लागले. के, ई, आर, एन, ई, एल. मग मोकळी जागा. पी, ए, एन, आय, सी. सरांचा उजवा तळवा मशीनच्या डब्यावर होता, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा.

"कर्नल पॅनिक," ते म्हणाले. "घाबरलंय."

"कोण सर?"

"मशीन. उठायला गेलं, पाय टेकवायला जमीन सापडली नाही, मग आहे तिथंच बसलं. पुढं वाच."

ही गोष्ट एप्रिलमधल्या एका शनिवारची. चौदा वर्षं झाली. फलटणच्या बाहेर लोणंद रस्त्याला आमची अंधशाळा होती. पत्र्याच्या चार खोल्या, मागं मुलींचं वसतिगृह आणि कडेला एक छोटी खोली, तिला सगळे मशीनची खोली म्हणत. तिथं एक संगणक आणि ब्रेल छापायचं यंत्र होतं. मी त्या खोलीत वाचक होते. तेवीस वर्षांची, बी.ए. अर्ध्यावर सोडलेली, तरडगावहून रोज एसटीनं यायची. छापील पुस्तकातला मजकूर मी मोठ्यानं वाचायचा, सर तो टाइप करायचे, आणि त्यांनी टाइप केलेलं मी परत वाचून दाखवायचं म्हणजे चुका सापडायच्या. मशीनला बोलणारा आवाज होता, पण तो फक्त इंग्रजी बोलायचा. मराठी समोर आलं की मुका व्हायचा.

मुलाणी सर गणित शिकवत. अकराव्या वर्षी तापात त्यांची नजर गेली होती, पण वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत ते इतकं गोल, की नवीन आलेले पाहुणे त्यांच्या डोळ्यांकडे निरखून बघत. मशीनवर सगळ्यांकडं असतं ते नव्हतं, लिनक्स होतं. सरांचे मित्र प्रभुणे, नाशिकचे इंजिनिअर, त्यांनी ते घालून दिलं होतं. त्यात बोलणारा आवाज फुकट यायचा, आणि शाळेला फुकटातलंच परवडण्यासारखं होतं.

त्या दिवशी सकाळी सातला सर एकटेच येऊन बसले होते आणि त्यांनी मशीनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती घालायला घेतली होती. लाईटचं वेळापत्रक बघूनच बसले होते ते. शनिवारी दोनला जायची आणि सहाला यायची. पण साडेनऊलाच गेली. यूपीएस दहा मिनिटं ओरडला आणि त्यानंही मान टाकली. घालणं अर्ध्यावर राहिलं. अकराला लाईट आली तेव्हा मीही पोचले होते. सरांनी बटण दाबलं आणि कान देऊन बसले. मशीन उठलं की ढोलकीवर थाप मारल्यासारखा एक आवाज यायचा. तो आला नाही.

पडद्यावरचं सगळं वाचून झालं तेवढ्यात मुख्याध्यापिका खलाटे बाई आल्या.

"संगणकाच्या दुकानातल्या भोईट्यांना फोन केलाय मी," त्या म्हणाल्या. "दीडला येतोय म्हणाला. मशीन दुकानात नेतो, फॉरमॅट करून सगळ्यांकडं असतं ते साधं घालून देतो, उद्या संध्याकाळी परत."

"बाई, फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं," सर म्हणाले. "आत पुस्तक आहे."

"त्याची सीडी काढली होती ना तुम्ही?"

"सहा प्रकरणांची. मग सीडी लिहिणारा भाग बिघडला. पुढची चार प्रकरणं आतच आहेत. भोईट्याला म्हणावं, आधी तेवढं काढून दे."

"विचारलं मी. लिनक्सचं आमच्या मशीनला दिसत नाही म्हणाला."

बाई दारातच उभ्या होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. वसतिगृहातल्या मुलींच्या डोक्यातल्या उवा स्वतः काढायच्या. "सोमवारी मला पुण्याला अहवाल द्यायचाय सर," त्या म्हणाल्या, "तो टाइप कशावर करू? अहवाल गेला नाही तर अनुदान अडकेल. मी तरी काय करू, सांगा."

"दीडपर्यंत हात लावू नका म्हणजे झालं," सर म्हणाले.

ते पुस्तक म्हणजे दहावीची भूमिती, ब्रेलमध्ये. आमच्या मुलांना दहावीला पूर्ण गणित टाळता यायचं. खालच्या इयत्तेचं अंकगणित घेऊन पास होता यायचं, आणि सगळे तेच करत. मग पुढं विज्ञान बंद, वाणिज्यातलंही निम्मं बंद. सरांना हे सलायचं. "सवलत म्हणून दार लावून घेतात," असं ते म्हणत. त्या वर्षी नववीत पूनम कोळपे नावाची मुलगी होती, धनगरवाड्यावरची. बोटांवर लसावि काढायची. तिनं सरांना सांगितलं होतं, मी पूर्ण गणित घेणार. घे म्हणायला सरांना काय लागत होतं, पण पुस्तक कुठं होतं? म्हणून आम्ही दीड वर्ष ते करत होतो. जूनमध्ये पूनम दहावीत जाणार होती.

सरांनी प्रभुण्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग कपाटातून जाड कागदांची वही काढली. मशीन बसवताना प्रभुण्यांनी तोंडी सांगितलेलं त्यांनी ब्रेलमध्ये टिपून ठेवलं होतं. त्यांचं बोट पानांवरून पळत एका जागी थांबलं.

"हे बघ. 'मशीन उठलं नाही तर.' चालू करताना शिफ्ट दाबून धरायची. एक यादी येईल. कर."

मी शिफ्ट दाबून बटण सुरू केलं. जांभळट पडद्यावर खरंच एक यादी आली.

"किती ओळी आहेत?"

"तीन."

"वाच."

पहिली ओळ लांबलचक होती, लिनक्सचं नाव आणि पुढं आकडे. दुसरी तशीच, शेवटी कंसात रिकव्हरी मोड. तिसरी मेमरी टेस्ट. मी सगळं सुटं सुटं वाचलं.

"बस?" सर म्हणाले. "प्रीव्हियस असा शब्द कुठं? पी, आर, ई, व्ही…"

"नाही सर."

"नीट बघ. नवं घातलं तरी जुनं लगेच जात नाही, ते आत राहतं. त्याची एक ओळ असते. इथं लिहिलंय मी."

"नाही दिसत सर."

सरांनी वहीतल्या त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. "मग अर्धवट घालताना पुसलं गेलं असेल," ते स्वतःशीच म्हणाले. "दुसरी घे. रिकव्हरी."

ती घेतली. पांढऱ्या अक्षरांचा लोंढा वर सरकला आणि थांबला. शेवटी तेच शब्द होते. कर्नल पॅनिक. परत केलं. परत तेच. पहिली ओळही करून बघितली. तेच.

सव्वाबारा झाले होते. वसतिगृहात जेवणाची ताटं वाजत होती. सरांनी टेबलाच्या खणातून ब्रेलची पाटी आणि टोकदार लेखणी काढली, पाटीत जाड कागद अडकवला आणि म्हणाले, "सातवं प्रकरण काढ."

"कशाला सर?"

"कशाला म्हणजे? चार प्रकरणं जाणार. जूनमध्ये पोरीच्या हातात काय देऊ? हातानं तर हातानं. सुरुवात करू."

"चार प्रकरणं हातानं?"

"मशीन आलं आत्ता. आम्ही शिकलो ते असंच उतरवून शिकलो. वाच."

मी पुस्तक उघडलं. सर उजवीकडून डावीकडे टोचू लागले, कारण पाटीवर उलटं लिहावं लागतं, कागद पालटला की टिंबं सुलट येतात. टक टक, टक, टक टक. एका ओळीला इतका वेळ लागत होता, की मला मध्ये थांबून वाट बघावी लागत होती.

"त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा," मी वाचलं.

टक टक टक.

"हं."

"त्याच्या उरलेल्या बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, स्वल्पविराम."

हे वाक्य मी नोव्हेंबरमध्ये वाचलं होतं. त्या दिवशी माझा घसा बसला होता आणि सरांनी त्यांच्या डब्यातली आल्याची वडी मला दिली होती. त्या प्रमेयाची आकृती आम्ही पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केली होती. तिरपी सुतळी दोनदा निसटली. शेवटी पूनमनं तिच्यावर बोट ठेवून म्हटलं होतं, "ताई, ही रेघ कुठून आत शिरली आणि कुठून बाहेर पडली ते कळलं मला." सहा प्रकरणं होईपर्यंत मी नुसती वाचायची. सातव्यात मला प्रमेय समजायला लागलं. आठव्यात सरांची एक चूक मी काढली होती, आणि सरांनी ती वर्गात सांगितली होती.

आता जे सांगायचं ते मी त्या दिवसानंतर फार थोड्या लोकांना सांगितलंय.

यादीत तीन ओळी नव्हत्या. चार होत्या. रिकव्हरीच्या खाली आणि मेमरी टेस्टच्या वर एक ओळ होती आणि तिचा पहिलाच शब्द पी, आर, ई, व्ही असा होता. मी ती पाहिली होती. सरांनी विचारायच्या आधीच पाहिली होती.

आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, मी घरी निघाले होते तेव्हा खलाटे बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी आहे. "सर उद्या मशीनमध्ये नवं काहीतरी घालतायत," त्या म्हणाल्या. "ते मराठी वाचतं म्हणे. मुलांना पुस्तकं वाचून दाखवेल, सरांचं तपासूनही देईल. तेव्हा सारिका, जूनपासून वाचकाची जागा ठेवता येणार नाही बघ. तू दुसरीकडं बघायला लाग." मी बरं म्हटलं आणि एसटी पकडली.

घरी अकलूजचं स्थळ आलेलं होतं. मुलाला मी बघितलंही होतं. माझ्याशी तो एकच वाक्य बोलला, चहात साखर कमी आहे म्हणून. मला शाळेत काम होतं म्हणून वडील थांबले होते. "जूनमध्ये काम सुटलं तर मग थांबायचं कारण नाही," आई त्या रात्री भाकरी थापता थापता म्हणाली. वडील देवळातले गुरव, कमीच बोलायचे.

तर शनिवारी अकराला मी खोलीत आले आणि मशीन मुकं झालेलं. मला काय वाटलं ते खरं सांगते. बरं वाटलं. भोईटे मशीन नेणार, त्यात सगळ्यांचं असतं ते घालणार, त्यात मराठी आवाज नसणार. पुस्तक जाणार हे मला कळत होतं. पण ते मला त्या क्षणी कुठंतरी लांबचं वाटत होतं, आणि अकलूज जवळ होतं. म्हणून ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी वाचली नाही. सरांना दिसत असतं तर मला हे करताच आलं नसतं.

"थांबलीस का?" सर म्हणाले. "छेदत असेल, स्वल्पविराम. पुढं?"

त्यांच्या तर्जनीच्या टोकाला लेखणीचा वळ उठला होता. पाऊण पान झालं होतं.

"सर, एक ओळ राहिली."

"कुठली? समांतरच्या आधी?"

"इथली नाही. यादीतली. मेमरी टेस्टच्या वर."

टोचण्याचा आवाज थांबला. सरांनी तोंड माझ्याकडे वळवलं नाही. ते भिंतीकडेच राहिलं.

"वाच," ते म्हणाले.

"पी, आर, ई, व्ही, आय, ओ, यू, एस. मग लिनक्स. मग व्ही, ई, आर…" मी आठवणीतून म्हणू लागले.

"पुरे."

त्यांनी लेखणी पाटीवर आडवी ठेवली. मी उत्तर तयार ठेवलं होतं, नजरचुकीनं राहिली म्हणून. ते द्यायची वेळच आली नाही. त्यांनी काही विचारलं नाही.

"किती वाजले?"

"बारा पन्नास."

"बस खाली. शिफ्ट दाबून धर."

यादी आली. बाणाची कळ दाबून मी तिसऱ्या ओळीवर गेले. आत आणखी दोन ओळी होत्या, जुन्या आवृत्तीच्या. पहिली घेतली. पांढरी अक्षरं पळू लागली, इतकी भराभर की मला वाचता येईना. मी नुसतं म्हणत राहिले, चाललंय सर, चाललंय, अजून चाललंय. मग ती थांबली. पण ढोलकीची थाप काही आली नाही.

"काय दिसतंय?"

"काळंच आहे. एल, ओ, जी, आय, एन. मग दोन टिंबं."

सर हसले. त्या दिवशी पहिल्यांदा. "नाव विचारतंय. म्हणजे जागं आहे. तोंडाला आवाज नाही अजून, पण जागं आहे. कीबोर्ड इकडं दे."

त्यांनी नाव घातलं, पासवर्ड घातला. मग दोनच अक्षरं टाइप केली, एल आणि एस, आणि आमच्या फोल्डरचं नाव. "आता वाच."

"गणित एक. गणित दोन. गणित तीन." मी सगळी वाचली. "गणित नऊ. गणित दहा."

"दहा?"

"दहा सर. दहाही आहेत."

सरांनी पाटीतला कागद काढला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि घडी करून खिशात ठेवला.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं तसं वाचलं. सरांनी एक आज्ञा दिली, अर्धी राहिलेली कामं पुरी कर अशी. मग मशीन एकेक काम हातात घेऊन त्याचं नाव पडद्यावर लिहू लागलं. शेकडो नावं. माझ्या ओठांना त्यांची सवय नव्हती. सर कीबोर्डवर हात ठेवून ऐकत. मध्येच ते थांबलं आणि एक लांबडा प्रश्न आला. मी तो शेवटच्या कंसापर्यंत अक्षर अक्षर करत वाचला.

"विचारतंय, ही एक फाइल तुमची जुनी ठेवू की नवी घालू," सर म्हणाले. "आवाजाची आहे. जुन्यात आपण बदल केलेत. जुनीच राहू दे. एन दाबतो."

दीडला भोईटे आले, स्वतःच, मोटरसायकलवर. गळ्यात पेन ड्राइव्हची दोरी. दारातून त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि मग मी वाचत होते ते ऐकलं.

"हे काय चाललंय मुलाणी सर? पोथी?"

"बसा भोईटे. चहा सांगितलाय."

"मी मशीन न्यायला आलोय."

"दोनपर्यंत बसा. दोनला लाईट जाईल, मग न्यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

भोईटे स्टुलावर बसले. चहा गार झाला तरी त्यांनी कप तोंडाला लावला नाही. दहाएक मिनिटांनी मला म्हणाले, "ताई, हे सगळं कळतं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "मी वाचते फक्त."

"आमच्या पोरांना काळा पडदा दिसला की ती लगेच फॉरमॅट करतात. वाचत कुणी नाही."

पावणेदोनला नावं यायची थांबली. सरांनी मशीन बंद केलं आणि परत चालू केलं. या वेळी शिफ्ट नाही, यादी नाही. तो छोटा मोकळा वेळ मला फार मोठा वाटला. आणि मग ढोलकीवर थाप पडली. पाठोपाठ तो रोजचा इंग्रजी आवाज.

भोईटे उठून उभे राहिले. खलाटे बाई ऑफिसातून धावत आल्या. ती थाप वसतिगृहापर्यंत ऐकू जायची. पूनमही भिंतीला हात लावत दारात आली.

सर म्हणाले, "सारिका, आवाजाची खिडकी उघड. भाषांच्या यादीत खाली जा. मराठी असेल बघ."

होती. माझ्या हातातला माउस जड झाला होता. मी तिच्यावर टिचकी मारली. मग सर म्हणाले, "सातवं प्रकरण उघड," आणि मी उघडलं.

मशीन बोलायला लागलं. मराठी होतं, पण कसं, नाकात बोलणाऱ्या परदेशी माणसानं पाठ केलेलं. "त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा त्याच्या उरलेल्या बाजूंना भिन्न बिंदूंत…"

लाईट गेली. यूपीएसनं मशीन धरलं, पण स्पीकरची वायर भिंतीत होती. आवाज मध्येच तुटला.

"पुढं?" पूनमनं विचारलं. "कोण वाचत होतं? पुढं काय?"

यूपीएस टीं टीं करत होता. मग मीच म्हटलं, पुस्तकात न बघता. "भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती रेषा त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते."

"एकाच प्रमाणात," पूनम म्हणाली आणि हवेत बोटानं तिरपी रेघ काढली.

सरांनी घाईघाईनं मशीन नीट बंद केलं. भोईटे रिकामे गेले.

पूनमनं पुढच्या वर्षी पूर्ण गणित दिलं. आता ती साताऱ्याला बँकेत आहे. दिवाळीला फोन करते. शाळेची आता पक्की इमारत झाली, मशीनची ती खोली पाडली. मुलांच्या खिशातले फोन कडकड मराठी बोलतात आणि त्या नाकातल्या आवाजाची आठवण त्यांना सांगितली तर हसतात. मी भोईट्यांच्या दुकानात लागले त्याच जुलैत. त्यांनी स्वतः घरी येऊन माझ्या वडिलांना विचारलं. पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. अकलूजला नकार कळवायचं काम वडिलांनी केलं, एका वाक्यात.

पण हे सगळं नंतरचं. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी शाळेत शेवटची गेले तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. खलाटे बाईंनी अनुभवाचा दाखला दिला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सरांनीच इतके दिवस लांबवलं, नाहीतर हे डिसेंबरमध्येच व्हायचं."

"काय लांबवलं?"

"ते मराठीचं. प्रभुण्यांचं पत्र डिसेंबरातच आलं होतं. मी विचारलं की सर म्हणायचे, सध्या नको, लाईट बरोबर नाही."

मी मशीनच्या खोलीत गेले. सर एकटेच होते. ब्रेलचं यंत्र दहावं प्रकरण छापत होतं, खडखड खडखड. त्यांनी ते थांबवलं.

"सर, तुम्हाला डिसेंबरपासून माहीत होतं?"

"मशीन रोज सकाळी सांगायचं," ते म्हणाले. "नवीन आलंय, घालू का. मी रोज 'नंतर' दाबायचो. तू यायच्या आधी."

"का?"

"तू सांगितलं होतंस एकदा, काम आहे म्हणून घरचे थांबलेत."

मला ते सांगितल्याचं आठवतही नव्हतं.

"मग एप्रिलमध्ये पूनम म्हणाली, सर, ताई पाचच्या गाडीनं जातात, संध्याकाळी मला कोण वाचून दाखवणार? तेव्हा मग घातलं." त्यांनी यंत्रातला कागद सरळ केला. "मी चार महिने दाबून ठेवलं, सारिका. तू पाऊण तास."

बाहेर मुली झाडाखाली रिबिनी धुऊन वाळत घालत होत्या.

"दाखला दिला बाईंनी?"

"दिला."

"वाचून दाखव."

"सर, राहू दे."

"वाच. सहीशिक्क्यासकट."

मी घडी उघडली. शाळेचं नाव, जावक क्रमांक, तारीख. "दाखला देण्यात येतो की, कुमारी सारिका पांडुरंग गुरव, राहणार तरडगाव, यांनी या संस्थेत वाचक म्हणून दोन वर्षे काम केले. त्यांचे वाचन शुद्ध व स्पष्ट आहे. त्या कामात तत्पर व…"

मी थांबले.

"व?" सर म्हणाले. "मीच सांगितलाय बाईंना मजकूर. त्यांनी पुढचा शब्द गाळला का काय?"

"नाही सर. आहे."

"मग वाच."

"विश्वासू आहेत," मी वाचलं.